पंगतीला माणूस हवे

दोन माणसांपुरती आमटी करता येत नाही. हे माझे मत नव्हे. आमच्या घरच्या पाकशास्त्राचा तो सिद्धान्त आहे. अर्धी वाटी डाळ टाकली तर ती कुकरच्या तळाशी रुसून बसते. वाटीभर टाकली तर सोमवारी आमटी, मंगळवारी तीच आमटी आणि बुधवारी थालीपिठाच्या पिठात दडवलेली आमटी, असे तिचे तीन अवतार होतात. दुधी भोपळ्याचे तर विचारूच नका. परमेश्वराने दुधी निर्माण केला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एकत्र कुटुंब होते हे उघड आहे. फणसाच्या वेळी तर अख्खी वाडीच असावी.

मुलगा पुण्याला गेला, मुलगी बंगळूरला गेली आणि आमच्या गिरगावातल्या घरात दोन माणसे, एक फ्रीज आणि त्यात झाकण घातलेल्या अकरा वाट्या उरल्या. तेव्हा एका रात्री मी सौभाग्यवतीपुढे ठराव मांडला, ‘‘शेजारपाजारची चार माणसं जमवून आठवड्यातून एकदा एकत्र जेवायला काय हरकत आहे?’’

‘‘हरकत काहीच नाही. पण बोलावणार कोणाला?’’

प्रश्न अगदी साधा. पण निवृत्त माणसाला साधा प्रश्न विचारू नये. त्याच्याकडे वेळ असतो, आणि गल्लीच्या तोंडाशी ग्रंथालय असते. मी तो प्रश्न घेऊन ग्रंथालयात गेलो तो दोन महिने बाहेर आलो नाही. तेव्हा कळले की ‘कोणाबरोबर जेवायचे?’ या एका प्रश्नावर महाराष्ट्राने निदान शंभर वर्षे डोके खाजवले आहे. ‘काय जेवायचे?’ हा प्रश्न पुष्कळ नंतरचा. कारण काय जेवायचे हे ठरलेलेच होते. जे असेल ते!

आपल्याकडे व्यवहार दोन. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. ‘व्यवहार’ हा शब्द आपण बँकेत वापरतो तो उगाच नाही. दोन्ही ठिकाणी जामीन लागत असे. अमक्याच्या पंक्तीला बसलो म्हणजे तो आपल्या बरोबरीचा, हे जगाला सांगितल्यासारखे होई. म्हणून जेवताना पानातल्या पदार्थांपेक्षा शेजारच्या पानावर अधिक लक्ष. गोपाळकाल्याला सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवायच्या, एकमेकांच्या तोंडात घास घालायचा आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ज्याचे त्याने आपले ताट सांभाळायचे, असा आपला हिशेब.

हा हिशेब मोडण्याचा पहिला संघटित उद्योग आमच्या मुंबईतच झाला, आणि तोही चोरून. १८४९ च्या सुमारास येथे परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी निघाली. तिच्या पुढाऱ्यांत होते दादोबा पांडुरंग तर्खडकर. म्हणजे ज्यांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले, तेच. भाषेला नियम लावून देणारा माणूस रात्री दारे लावून जेवणाचे नियम मोडत होता, ही मला फार लोभस गोष्ट वाटते. सभासद व्हायचे तर परीक्षा काय? ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवायचा. बस्स! आज त्याच पावात वडा घालून आपण रस्त्यावर उभ्याउभ्या खातो आणि वर जादा चटणी मागतो. तेव्हा त्या एका घासासाठी छातीचे पाणी पाणी होत असे. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादीच कोणीतरी लांबवली, नावे बाहेर फुटण्याची वेळ आली, आणि सभा बघता बघता नाहीशी झाली. एकत्र जेवायला जमलेली माणसे यादी पाहून पांगली, यावरून एक धडा मात्र मी घेतला. आपल्या जेवणाची यादी करायची नाही.

पुण्याने हाच प्रयोग पुढे चारचौघांत केला, आणि त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, पुण्यातली आणखी बडी मंडळी होती. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप पुढे ओढून ठेवला. हा सगळा घाट घातला होता गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी. त्यांनी ही बातमी नावानिशीवार ‘पुणे वैभव’ पत्रात जाऊ दिली. मग काय विचारता! ओरड झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ताचा खल झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले, आणि त्यावरून सुधारक मंडळी त्यांच्यावर रागावली. एक कप चहा, आणि दोन्हीकडून बोलणी! चहा थंड करून पिण्याची पुणेकरांची सवय तेव्हापासूनची असावी असा माझा तर्क आहे. त्याला पुरावा नाही.

पण या कथेचा पुढचा भाग मला ठाऊक नव्हता, आणि तो वाचल्यावर विनोद सुचेनासा झाला. त्याच टिळकांचे धाकटे चिरंजीव श्रीधरपंत. डॉक्टर आंबेडकरांनी १९२७ साली समाज समता संघ काढला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी सत्याग्रह झाला होता. म्हणजे पाणीसुद्धा अजून सगळ्यांचे नव्हते, तिथे जेवणाची गोष्ट कोण काढतो? ती श्रीधरपंतांनी काढली. एप्रिल १९२८ मध्ये त्यांनी संघाची पुणे शाखा उघडली ती थेट टिळकांच्या गायकवाड वाड्यात, डॉक्टर आंबेडकरांना बोलावून, आणि तिथेच सहभोजन घातले. बापाच्या एका कपाने ज्या गावात वादळ उठले, त्याच गावात मुलाने अडतीस वर्षांनी सगळ्या जातींची पंगत वाढली, आणि तीही बापाच्या घरात. केसरीच्या विश्वस्तांशी त्यांचे आधीच जमत नव्हते. ही पंगत तर कोणाच्या पचनी पडणारी नव्हती. पुढच्याच महिन्यात, मे १९२८ मध्ये, श्रीधरपंतांनी रेल्वेखाली जीव दिला. कारणे पुष्कळ होती, घरातली आणि कोर्टातलीही. ती पंगत मात्र त्यांच्या नावावर कायमची जमा आहे.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी हेच काम निराळ्या रीतीने केले. तिथे गंगाराम कांबळे नावाच्या माणसाला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्याला चहाचे दुकान घालायला लावले. पण अस्पृश्याच्या दुकानात गिऱ्हाईक कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवत, आणि गाडीतल्या बरोबरच्या मंडळींनाही पाजत. छत्रपतींनी पुढे केलेला कप परत करायची कोणाची छाती आहे? १९२२ साली महाराज गेले. त्याच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट. सुधारणेवर शंभर व्याख्याने झाली असतील, पण मला विचाराल तर त्या सगळ्यांपेक्षा तो चहा कडक होता.

आता हे झाले मोठ्या लोकांचे. ज्याला नुसती भूक लागलेली असे त्याचे काय? त्यासाठी पुण्यात ‘वार’ लावण्याची पद्धत होती. गावाकडून शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा सात घरे ठरवी. सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी लेल्यांकडे, असे. त्याच्या पंचांगात वारांची नावे शनी-मंगळावरून नसत, आमटीवरून असत. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी एकादशी! ज्याला सात घरे मिळत नसत तो झोळी घेऊन माधुकरी मागे. अशाच मुलांसाठी पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. पण यातही मेख होती ती पहा. वार मिळायचा तो जातीतल्या घरी. ज्या जातीची पुण्यात सात घरेच नव्हती, किंवा ज्यांच्या सात घरांत मिळून एका पानाचे अन्न नव्हते, त्या मुलाने शिकायचे कसे? शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढले आणि पाठोपाठ एकेका समाजाची वसतिगृहे काढली, ती या हिशेबाने. जेवणाचा प्रश्न सुटल्याशिवाय शाळेचा सुटत नाही, हे त्या राजाला कळले होते.

मुंबईचा प्रश्न वेगळा. इथे माणसे आली ती शिकायला नव्हे, मिळवायला. आणि आली ती एकटी. कोकणातला, घाटावरचा गडी गिरणीत लागला की बायको गावी शेत आणि सासू सांभाळायची. हा इथे एका खोलीत गाववाल्या दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा. पाळ्या तीन, त्यामुळे अंथरूणही पाळीपाळीने. त्याच्या जेवणाची सोय करणारी खाणावळवाली त्याच चाळीतली. एका खोलीत संसार करून, त्याच चुलीवर पाच-पंचवीस ‘मेंबरां’चे रांधणारी. तिकडे धोबीतलावला गोंयकारांचे ‘कूड’. एकेका गावाचा एकेक क्लब. आगबोटीवर चाकरी धरायला आलेला तारवटी आपली पेटी तिथे ठेवी, संध्याकाळी सगळ्यांबरोबर तेर्साला बसे आणि गावच्या फेस्ताला सगळ्यांबरोबर जेवी. ज्यांना बायकोच्या हातचेच लागे त्यांच्यासाठी १८९० च्या सुमारास महादू हवजी बच्चे यांनी डबे पोचवायचा धंदा उभा केला. थोडक्यात, या शहराने गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्या चालवल्या त्या घरापासून लांब जेवणाऱ्या माणसांच्या जिवावर.

मीही त्यांतलाच. १९७१ साली सांगलीकडून नोकरीसाठी आलो आणि गिरगावातल्या एका खाणावळीत मेंबर झालो. लाकडी टेबले, चार-चार खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीमागे पुढचा मेंबर उभा. तो तुमच्या ताकाच्या वाटीकडे अशा नजरेने बघे की घास आपोआप लवकर उतरे. रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी संध्याकाळी चूल बंद. दुपारची बासुंदी रात्री पुरवून घ्यायची हा अलिखित नियम. गैरहजेरीला ‘खाडा’ म्हणत. चार दिवस आधी सांगून गावी गेलात तर खाड्याचे पैसे वजा होत. नाही सांगितले तर तुम्ही आजारी असा की मेलेले असा, बिल पूर्ण. आमच्या टेबलावरचे चौघे पाच वर्षे रोज समोरासमोर जेवलो. आम्हाला एकमेकांची नावे नीटशी माहीत नव्हती. भाज्या माहीत होत्या. एक ‘वांगं नको’, एक ‘डबल भात’, एक ‘कोशिंबीर संपली का’. मी ‘आमटी गरम आहे का’ होतो.

त्या खाणावळीच्या दारावर अमुक एका जातीसाठी अशी पाटी नव्हती. ती लावणे शक्यच नव्हते. आपली राज्यघटना किती बारकाईने लिहिली आहे पहा. २६ जानेवारी १९५० ला ती अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकानांबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचाही उल्लेख आहे. तिथे जाण्यापासून धर्म, जात वगैरे कारणांनी कोणाला अडवता येत नाही. भजीच्या बशीला घटनेचे संरक्षण देणारा देश दुसरा असेल असे वाटत नाही, आणि ते का द्यावे लागले हे वरची हकिगत वाचल्यावर वेगळे सांगायला नको. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा आला आणि अडवणे हा गुन्हा ठरला. तेव्हा पाटी नव्हती. मालक फक्त एवढेच म्हणत, ‘‘ओळखीशिवाय मेंबर घेत नाही.’’ मला माझ्या मामांच्या मित्राची ओळख होती. पाच वर्षांत आमच्या टेबलांवर जी जी ओळख आली ती एकाच रंगाची आली. पाटीचे काम ओळख करत होती, आणि तेही तोंडाने एक वावगा शब्द न काढता.

हे सगळे मी एका संध्याकाळी सौभाग्यवतीला मोठ्या रंगात ऐकवले. ती लसूण सोलत होती. म्हणाली, ‘‘सगळं ऐकलं. या सगळ्या पंगतींत वाढत कोण होतं?’’

पुन्हा ग्रंथालय!

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांत फार थोडे सापडते. पण १९७५ साल सापडले. त्या आधी, १९७३-७४ च्या गिरणी संपात, गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनी मेंबरांना उधारीवर जेवू घातले होते. गड्याला पगार नाही म्हणून त्याचे पान बंद करायचे, हे त्यांच्या हिशेबात बसले नाही. मात्र वाण्याच्या हिशेबात उधारी बसते आणि तिला व्याजही लागते. दागिने गेले, भांडी गेली. तेव्हा प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातल्या. ज्यांच्याकडे तारण ठेवायला फक्त हाताची चव होती त्यांना बँकेच्या दारात उभे करणे हा लढाही काही लहान नव्हता. पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पुष्कळसे गावी गेले ते परत आलेच नाहीत. गिरणीचा भोंगा थांबला हे सगळ्यांनी लिहिले. हजारो ताटे एकदम कमी झाली, हे त्या बायकांनी चुलीपुढे बसून मोजले असेल.

आणि त्या सगळ्या जणी जेवत कधी होत्या? शेवटची पाळी उठल्यावर, दुपारी तीनला, पातेल्याच्या तळाशी उरेल ते, एकट्या. आमच्या चाळीतही तेच. चाळीतल्या वाट्यांबद्दल मी नेहमी गहिवरून बोलतो. इकडून भरली वांगी गेली की तिकडून वाटी रिकामी परत येत नसे. अगदीच काही नसले तर चिमूटभर साखर घालून येई. एकेक वाटी चार बिऱ्हाडे फिरून महिन्याने घरी येई आणि माहेरवाशिणीसारखी तिची विचारपूस होई. सुरेख व्यवस्था! पण वाट्यांनी सहभोजन केले, बायकांनी नाही. आम्ही पुरुष जेवून उठून गच्चीवर देशाची चर्चा करत होतो, तेव्हा चाळीतल्या सोळा खोल्यांत सोळा बायका सोळा पाटांवर एकेकट्या जेवत होत्या.

‘‘म्हणून म्हणते,’’ ही लसणीची सालं गोळा करत म्हणाली, ‘‘पंगत घाला, पण मी पहिल्या पंगतीला बसणार.’’

ठराव दुरुस्तीसह मंजूर झाला. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा, सगळ्यांनी एकदम बसायचे, ज्याने त्याने आपले ताट धुवायचे. आता वार ठरवायचा. सोमवारी शंकराचा उपास, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. शुक्रवार संतोषीमातेमुळे आंबट खाणाऱ्यांना वर्ज्य. रविवारी लोकांची मुले येतात, किंवा येणार म्हणून वाट पाहायची असते. राहिला बुधवार. बुधवारावर हक्क सांगणारा देव माझ्या माहितीत होता तेवढा पांडुरंग, आणि तो जेवणाऱ्याला अडवत नाही.

मग माणसे. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या या अठरा मजली इमारतीत माणसांना नावे नाहीत, आकडे आहेत. नऊशे दोनमध्ये एक निवृत्त मास्तर. ब्याऐंशी वर्षांचे, एकटे, डबा लावलेला. सहाशे एकमध्ये एक निवृत्त नर्सबाई, मालवणच्या. त्यांनी बांगडा तळला की सोसायटीच्या कचेरीत तक्रारीचा कागद जातो, म्हणून त्या बिचाऱ्या खिडक्या लावून घामाघूम होऊन मासे तळतात. चारशे चारमधले गुजराती जोडपे, कांदा-लसूण न खाणारे. आणि बाराशे तीनमध्ये भाड्याने राहणारी नांदेडची एक मुलगी, संगणकाच्या कंपनीत. ती रोज रात्री मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून, त्यात बघत, खोक्यातले जेवण जेवते. हे तिने स्वतःच मला लिफ्टमध्ये सांगितले. बारा मजल्यांत माणूस बरेच बोलतो.

पहिल्या बुधवारी सगळे आले. मधोमध चटया, भोवती ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांच्यासाठी खुर्च्या. माशाचे भांडे एका टोकाला, बिनकांद्याची भाजी दुसऱ्या टोकाला आणि मध्ये तटस्थ राष्ट्र म्हणून आमची आमटी. दोन घास झाले आणि मास्तरांनी त्या मुलीला विचारले, ‘‘तुम्ही कुठल्या?’’

‘‘नांदेडची.’’

‘‘ते झालं. पण मूळ?’’

ती गप्प झाली. सगळेच गप्प झाले. मराठी माणूस ‘मूळ’ विचारतो तेव्हा त्याला भूगोल नको असतो. दीडशे वर्षांचा जो इतिहास मी दोन महिने वाचत होतो तो अडीच अक्षरांत आमच्या दिवाणखान्यात येऊन बसला. माझ्या डोळ्यांपुढे परमहंस सभेची ती यादी आली. तेवढ्यात आमच्या हिने मास्तरांच्या ताटात कोशिंबिरीचा डाव रिकामा केला आणि म्हणाली, ‘‘मूळ कसलं विचारता मास्तर, मुळा आहे तो. खा!’’

हसण्यात वेळ निभावली. पण मुलीने ती तेवढ्यावर सोडली नाही. पाणी पिऊन शांतपणे म्हणाली, ‘‘आमच्या नांदेडला गुरुद्वारात लंगर असतो, काका. रोज हजारो माणसं जमिनीवर एका ओळीत जेवतात. लहानपणापासून जाते मी. तिथं ताट देताना कोणी काही विचारत नाही.’’ थोडे थांबून पुढे म्हणाली, ‘‘आणि आमच्या गावात चहाच्या टपरीवर माझ्या आजोबांचा कप वेगळा असायचा. बाहेर कोनाड्यात. ते स्वतः विसळून परत ठेवायचे. हे माझं मूळ.’’

मास्तरांनी मान खाली घातली आणि मुळा खाल्ला, सगळा. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. ब्याऐंशीव्या वर्षी जीभ तशी वळत नसावी. पण पुढच्या बुधवारी तिला त्यांनी विचारले, ‘‘नांदेडला पाऊस आहे का?’’ आणि नंतर दर बुधवारी विचारतात. मुलगी आता घरी फोन करून पावसाची ताजी खबर घेऊनच खाली येते. मे महिन्यातसुद्धा.

आता वर्ष झाले. नर्सबाईंची खिडकी बुधवारी उघडी असते. तक्रारीचा कागद अजून जातो, पण त्यावर चारशे चारची सही नसते. आमची ही पहिल्या पंगतीला बसते, कारण दुसरी पंगतच नाही. नियम आम्ही केले नाहीत, तरी एक आपोआप पडला. मागच्या पावसाळ्यात एका बुधवारी साडेआठ झाले तरी मास्तर आले नाहीत. माझ्या खाणावळीत याला खाडा म्हटले असते आणि वहीत एक फुली पडली असती. इथे ती मुलगी ताटावरून उठली, लिफ्ट यायला वेळ लागतो म्हणून जिन्याने नवव्या मजल्यावर गेली आणि दार वाजवत राहिली. मास्तर तापाने फणफणले होते. दोन दिवसांचे डबे दाराशी तसेच होते. नर्सबाईंनी नाडी पाहिली, डॉक्टर आणला, आणि हिने मऊ भात वर पाठवला.

बरे झाल्यावर मास्तरांनी खाड्याबद्दल विचारले, ‘‘माझे दोन बुधवार बुडाले. ते वजा होतात का?’’

‘‘नाही हो,’’ मुलगी म्हणाली. ‘‘आपल्याकडे खाड्याचे पैसे कापत नाहीत. खाडा झाला की आम्ही वर येतो.’’